सायकलच्या नावाचा गोटा

माझ्या सासूला गाडी लागते. लागते म्हणजे अशी तशी नाही. जीपचं दार उघडून आतला वास नाकात गेला की तिचा चेहरा उतरतो, आणि गाडी फाट्याला पोचेपर्यंत पोटात पाणीसुद्धा राहत नाही. लिंबू चाटून झालं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून झाला, डॉक्टरची गोळी झाली, कुणी सांगितलं म्हणून वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसणंही झालं. पुढे बसवा, मागे बसवा, खिडकीशी बसवा, उलटी ती उलटीच. माझं माहेर शेलूबाजारचं, अगदी हायवेला लागून. माझ्या लग्नाची सगळी वरात जीपांमधून आली आणि वरमाय आदल्या दिवशीच बैलगाडीनं येऊन आमच्या ओसरीवर बसली होती. आमच्याकडच्या बायका अजून ते विसरल्या नाहीत.

तिचं नाव तुळसाबाई. आसेगावच्या अंगाला, नदीकाठी आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, दोडकी, मेथी, चवळीच्या शेंगा. पहाटे तोडायचं आणि बाजाराच्या दिवशी आसेगावात नेऊन विकायचं, हे तिचं आयुष्य. जिथवर पाय किंवा बैल नेतील तिथवर तिचं जग. लोक तिरुपतीला गेले, शेगावला गेले, हिनं इथूनच हात जोडले. त्याची तिला खंत नव्हती. "देव काय, इथूनबी पाह्यते मले," असं म्हणायची. खंत एकाच गोष्टीची होती, आणि ती म्हणजे तिची थोरली बहीण पंचफुलाबाई.

तुळसाबाई रांगत असताना त्यांची आई गेली. पंचफुला स्वतः लहानच होती, पण तिनं धाकटीला कडेवर घेतलं ते तिच्या लग्नापर्यंत खाली ठेवलं नाही म्हणतात. पुढे पंचफुला गावातल्या गावातच दिली गेली आणि तुळसा खाली नदीकाठी आमच्या घरी आली. त्यांचं माहेर मानोऱ्याच्या बाजूला, टेकडीवर. आमचं गाव खाली. मध्ये नदीचं खोरं, सागाचं जंगल आणि त्यातून जाणारा एक मुरमाचा रस्ता. डांबरी रस्त्यानं जायचं तर उलटं फिरून हायवेला लागावं लागतं आणि दोनदा जीप बदलावी लागते; एवढ्या फेऱ्याला बैलगाडी पुरत नाही. म्हणजे माझ्या सासूच्या दृष्टीनं ते गाव दिल्लीच्या पलीकडे.

पण पंचफुलाबाईला पाय होते. "तुले गाडी लागते ना? राहू दे. माहे पाय हायेत धडधाकट," असं म्हणून ती दोन-तीन महिन्यांनी जंगलातून चालत उतरायची. डोक्यावर गाठोडं, त्यात धाकटीसाठी तीळ, लाह्या, एखादं लुगडं. एक रात्र राहायची, रात्रभर दोघींची कुजबुज चालायची आणि सकाळी परत चढायला लागायची. मी सून म्हणून आले तेव्हाही तिच्या खेपा चालूच होत्या. मग एका उन्हाळ्यात ती अंगणात पडली, खुबा मोडला, आणि तिचं चालणं संपलं. एकीला चालता येईना आणि दुसरीला गाडीत बसता येईना. चालत जायचं तर जाऊन-येऊन दोन दिवस मोडायचे, आणि पहाटेची तोड तिला तेवढी सोडता येत नव्हती. माझी सासू वांगी तोडता तोडता टेकडीकडे बघत उभी राहायला लागली. मला ते बघवत नव्हतं.

आता त्या रस्त्याबद्दल सांगते. एके काळी त्यावरून रेतीचे ट्रॅक्टर धावायचे. मग एका पावसात मधल्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेला आणि गाड्या बंद झाल्या. रपटा कुणी दुरुस्त केला नाही. ज्यानं कुणी दुरुस्तीचा प्रस्ताव टेबलाखाली दाबून ठेवला असेल, त्याचं देव भलं करो, मी मनापासून म्हणते. लोकांनी नाल्यात दगड टाकून सायकल जाईल एवढी पायवाट केली, आणि त्या रस्त्यावर माणूस, सायकल आणि रोही, म्हणजे नीलगाई, एवढंच उरलं. पावसानं माती धुऊन गेली आणि स्वच्छ, करकरीत मुरूम तेवढा राहिला. दोन्ही अंगांनी साग, पळस, अंजन. डावीकडे नदी कधी दिसते, कधी नुसती ऐकू येते. मी वर्षा, हायवेवर वाढलेली बाई. झोपेतसुद्धा ट्रकचा हॉर्न ऐकत मोठी झाले. लग्नानंतर पहिल्यांदा त्या रस्त्यानं चालले तेव्हा मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला आणि मी उगीचच खूश झाले.

आमच्या लेकीला, वैष्णवीला, शाळेतून सायकल मिळाली होती. पोरगी कॉलेजला वाशीमला गेली आणि सायकल गोठ्यात लसणाच्या जुड्यांखाली पडून राहिली. एक दिवस मी ती पुसून बाहेर काढली आणि सासूला म्हटलं,

"आत्याबाई, शिका."

"येडी झाली का वो तू? या वयात मले सायकलवर बसवतं?"

"सायकलमध्ये डिझेल नाही. वास नाही."

तिनं वाकून सायकल हुंगून पाहिली. मग हळूच म्हणाली, "कोनी पाह्यन ना वो."

म्हणून तिला मुरमाच्या रस्त्यावर नेलं. तिथं पाहायला वानरं होती आणि त्यांना हसायचं कारण लागत नाही. सुनेनं सासूच्या पाठीमागे सीट धरून पळायचं आणि सासूनं हँडल सोडून सुनेचा दंड पकडायचा, असे आमचे पहिले दिवस गेले. नऊवारीचा काष्टा पक्का खोचलेला, डोळे गच्च मिटलेले. डोळे उघडा म्हटलं तर म्हणायची, "उघडले का पडते मी." आणि सगळ्यात मोठी अडचण ब्रेकची. जन्मभर बैल हाकलेली बाई ती. उतार आला की ब्रेक दाबायचं सोडून सायकलला ओरडायची, "हो! हो रे! थांब, हो!" सायकल कशाला थांबते? दोनदा पळसाच्या झुडपात गेली, एकदा सरळ नदीच्या वाळूत. घरी आणून मी तिच्या कोपरातले मुरमाचे खडे सुईनं काढायची आणि ती सायकलला शिव्या घालायची, "निरा आडमुठं जनावर हाय."

मग एक दिवस मी हात सोडला आणि ती गेली. गेली म्हणजे गेलीच. मी मागून धावतेय, हाका मारतेय, आणि ती काही थांबेना. पार नाल्यापाशी सापडली. एका दगडाला टेकून उभी, सायकल जवळ धरलेली, पदर डोळ्याला.

"लागलं का वो?" मी घाबरून विचारलं.

"नाही वो वर्षे," ती म्हणाली, "एवढी आली मी, पन पोटात काहीच नाही झालं. कायच नाही!"

आणि ती तिथंच रडायला लागली. मीही रडले, कारण आम्हा दोघींनाही कळलं होतं की आता ही बहिणीकडे जाणार.

त्या रस्त्याच्या साधारण मध्यावर, अंजनाच्या झाडाखाली गोटेमाय आहे. शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे देवीचा बिनचेहऱ्याचा दगड, आणि त्याभोवती गोट्यांचा माणूसभर उंच ढीग. या वाटेनं जाणाऱ्यानं आपल्या शेतातला एक गोटा आणून तिथं वाहायचा, अशी जुनी रीत. जंगलातला उचलून टाकलेला चालत नाही, घरून आणलेलाच पाहिजे. बैलगाडी असली तर माणसाचा एक आणि दर बैलाचा एक. माझ्या सासूनं पहिल्याच खेपेला थैलीत दोन गोटे घेतले.

"दुसरा कोनाचा?" गोपालनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"सायकलचा."

"आई, सायकल काय जनावर हाय?"

"मले वाहून नेते का नाही? मंग तिच्या नावाचाबी एक पाह्यजे."

गावात यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं चाकं दोन आहेत तर दोन वाहा, कुणी म्हणालं बाई बिघडली. पण तिनं ऐकलं नाही. दर खेपेला कॅरिअरवर भाजीची पिशवी आणि पिशवीत आमच्या मळ्यातल्या दोन पांढऱ्या गारगोट्या. एक स्वतःची, एक सायकलची. गोपाल म्हणायचा, थेंबे थेंबे तळे साचे, आई गोटेमायचा डोंगर करणार. ती म्हणायची, "होऊ दे. तुह्या बापाचं काय जातं?" त्याचा बाप, माझे सासरे दौलतराव, खाटेवरून म्हणायचे, "माह्या मळ्यातले गोटे कमी होऊन राह्यले, आनखीन काय पाह्यजे!"

मागच्या हिवाळ्यात अकोल्याहून काही सायकलवाले त्या रस्त्यावर आले होते. डोक्यावर टोप्या, रुंद टायरांच्या सायकली, अंगाला चिकटलेले कपडे. मी आणि आत्याबाई परत येत होतो. एका पोरानं आदरानं विचारलं, "मावशी, गाड्या नाहीत, आवाज नाही, काय सुंदर रस्ता आहे! हा पुढे कुठे जातो?"

"माह्या बहिनीच्या घरी," ती म्हणाली, आणि त्यांच्या सायकलींकडे बघून मला हळूच विचारलं, "याईच्या सायकलीले कॅरिअर काहून नाही वो? भाजी कुठी ठेवत असन?"

आता यंदाच्या भादव्याची गोष्ट. पंचफुलाबाईच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. या दोघींची माहेरी असल्यापासूनची रीत अशी, की थोरलीचा मुखवटा पंचफुलाबाईनं बसवायचा आणि धाकटीचा तुळसाबाईनं. लग्नानंतर कित्येक वर्षं ते तुटलं होतं. सायकल आली आणि पुन्हा सुरू झालं. सोळा भाज्यांसाठी अर्ध्याअधिक भाज्या आमच्याच मळ्यातून जायच्या. यंदा पंचफुलाबाईनं फोन करून सांगितलं, "तुळसे, हे माह्या हातचं आखरीचं बसवनं. आता बसवत नाही मले. पुढच्या सालपासून सुना पाह्यतीन. तू ये मात्र."

आणि त्याच आठवड्यात असा पाऊस पडला की मधल्या नाल्यातले सगळे दगड वाहून गेले. पाणी उतरल्यावर पाहिलं तर वाटेच्या जागी छातीएवढी खोल घळ आणि तळाशी काळा चिखल. पाय टाकला तर पाय परत मिळायचा नाही. सायकलचं तर नावच नको.

गोपाल म्हणाला, जीपनं जा. आणि माझी सासू खरंच जीपमध्ये बसली. बहिणीसाठी बसली. आदल्या रात्रीपासून जेवली नव्हती, तरी फाटा यायच्या आत तिची अशी अवस्था झाली की गोपालनं घाबरून जीप थांबवली आणि ओळखीच्या माणसाची बैलगाडी मागून तिला घरी आणलं. खाटेवर पडल्या पडल्या ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाईले सांगा, मी नाही येत." थोरलीला ती बाई म्हणते. तिचा तो आवाज ऐकून मला इतका राग आला, नाल्याचा, पावसाचा, जीपवाल्याचा, सगळ्या जगाचा.

दुसऱ्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, चाल, नाला पाहून येऊ. आम्ही चालत गेलो. तिथं जंगलखात्याचा वनरक्षक फुलसिंग उभा होता. मी त्याच्यावरच तोंड सोडलं. म्हटलं, चार ट्रॉल्या दगड टाकायला काय होतं तुमच्या खात्याला? तो बिचारा शांत माणूस. म्हणाला, "ताई, जंगलातला एक गोटा मी उचलू देऊ शकत नाही, खोदू देऊ शकत नाही. बाहेरून आनायचे तर इथवर गाडी येत नाही. मी काय करू?" त्याचंही खोटं नव्हतं, पण मी भांडायची थांबले नाही.

भांडण ऐकता ऐकता माझी सासू मागे सरकली आणि नाल्याच्या अलीकडेच असलेल्या गोटेमायपाशी जाऊन बसली. बराच वेळ ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फुलसिंगभाऊ, हे गोटे जंगलाचे हायेत का?"

फुलसिंग दोन पावलं जवळ आला.

"हे घरून आनेल हायेत. हे पांढरे पाह्य, माह्या मळ्यातले. म्या देल्ले. आता मले काम पडलं तं मागून घेते."

मी तिचा हात धरला. "आत्याबाई, देवीचं परत घेतात का वो कोनी?"

"कायले नाही? वाटेचे गोटे, वाटेलेच लावून राह्यली. कोन्या वाईट कामाले तं नाही." तिनं तांदळ्यापुढे डोकं टेकलं, कान पकडले, आणि वरची पहिली गारगोटी उचलून माझ्या हातात दिली. ती सायकलची होती की तिची, देवाला ठाऊक.

एवढ्या वर्षांच्या पांढऱ्या गारगोट्या आम्ही दोघींनी पदरात भरून नाल्यात टाकल्या तरी घळीचा एक कोपराच भरला. फुलसिंग इतका वेळ काठावर उभा होता. मग त्यानं टोपी काढून खिशात घातली आणि ढिगातले चपटे काळे दगड वेगळे करायला लागला. "हे आमच्या तांड्यातले हायेत," तो म्हणाला, "माह्या आज्यानंबी टाकले असन."

गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली आणि दुसऱ्या दिवशी माणसं आली. भीती सगळ्यांनाच होती, म्हणून एक नियम आपोआप ठरला, की ज्यानं त्यानं आपल्याच शिवारातला गोटा उचलायचा. शेतात जन्म गेलेल्या माणसाला आपला दगड ओळखता येतो. कुणाचे भुरे, कुणाचे निळसर, कुणाचे भोकाभोकांचे. एका गोट्यावरून बांधाला बांध असलेल्या किशन आणि गोविंदसिंगची जुंपली, दोघंही म्हणत होते माझाच, आणि शेवटी दोघांनी मिळून तो उचलला. हसत खिदळत घळ भरत होती. पण ऐन मध्ये, जिथं पाण्याची धार होती, तिथं अजून खड्डा उरला होता आणि ढिगातले ओळखीचे गोटे संपले होते.

इतर उचलले गेले तसे घसरत घसरत तळाशी उरले ते तांबडे. मूठभर, ओंजळभर आकाराचे, विटेच्या रंगाचे गोटे, एकावर एक, तांदळ्याच्या चारी बाजूंनी.

"हे कोनाचे?" कुणीतरी विचारलं. कोणी पुढे येईना.

माझी सासू वाकली, एक गोटा उचलला, पदरानं पुसला आणि लगेच दुसरा उचलून पाहिला. असे तांबडे गोटे आमच्या खोऱ्यात कुठंच नाहीत. ते फक्त वर, तिच्या माहेरच्या माळावर असतात. आणि वरच्या गावची माणसं या वाटेनं कधी उतरत नाहीत, त्यांचा बाजार मानोऱ्याला. या वाटेनं तिथून येणारं माणूस एकच होतं.

"बाईचे," ती म्हणाली. "हे सारे बाईचे."

पंचफुलाबाई यायची हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. पण दरवेळी ती आली आणि गेली, एवढंच आम्ही पाहिलं होतं. सगळ्या खेपा अशा एका जागी कुणी पाहिल्या नव्हत्या. डोक्यावर गाठोडं आणि हातात माळावरचा गोटा घेऊन ती बाई किती वेळा हे जंगल उतरली होती, ते तिथं मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. मला हुंदका आवरेना. माझी सासू मात्र रडली नाही. एकेका गोट्यावरून हात फिरवत राहिली.

माणसं थांबली होती. नियम सगळ्यांचाच होता, ज्याचा त्यानं उचलायचा. फोन करून विचारावं तर खोऱ्यात रेंज नाही. शेवटी ती उठली.

"मी उचलते," ती म्हणाली. "जाऊन सांगते तिले."

पंचफुलाबाईच्या तांबड्या गोट्यांनी मधला खड्डा भरला. वर बायकांनी घमेल्यांनी वाळू ओढली. दोन तांबडे गोटे सासूनं तांदळ्यापाशी राहू दिले, देवी उघडी पडू नये म्हणून.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आम्ही निघालो. मी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली होती. तिच्या कॅरिअरवर दोडकी, भेंडी, चवळी, आंबाडी आणि वर केळीची पानं. ऊन पडलं होतं, मुरूम ओला होता आणि चाकाखाली बारीक वाजत होता. सागाला मोहर आला होता. माझी सासू पुढे होती, काष्टा खोचून, आणि उताराला अजूनही ब्रेकसोबत "हो, हो" म्हणत होती. तिच्यामागे सायकल चालवताना मला वाटलं, एवढा चांगला दिवस, एवढा मोकळा रस्ता आणि अशी सासू, मी आणखी काय मागायचं? गोटेमायला तिनं दोन गोटे वाहिले, रीतीप्रमाणे. नाल्यापाशी मात्र ती उतरली, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि सायकल हातात धरून त्या गोट्यांवरून अनवाणी चालत गेली.

पंचफुलाबाई ओसरीवर खाट टाकून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. धाकटी दिसताच तिनं दोन्ही हात पुढे केले. हात धरून जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला.

"अव तुळसे, नाला तुटला म्हनत होते ना? मंग कशी आली वो तू?"

"तुह्याच गोट्याईवरून आली," माझी सासू म्हणाली. आणि मग ती रडली, लहान पोरीसारखी, थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून. रडता रडता सगळं सांगितलं. तळाशी काय सापडलं, कसं सापडलं, न विचारता कसे उचलले.

पंचफुलाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं केलं. तिथी पडून काय करत होते?"

दोघींनी मुखवटे बसवले. थोरलीच्या हाताला धाकटीनं खालून आधार दिला.

निघताना पंचफुलाबाईनं नातवाला अंगणाच्या कडेला पाठवलं आणि त्यानं आणलेला एक तांबडा गोटा निरखून पाहून माझ्या सासूच्या पिशवीत घातला.

"हा माह्या नावाचा वाहून दे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले दुसरा देते."